रामकुंडावरचे आमचे क्षेत्रोपाध्ये: शाळकरी मुलीला घेऊन अस्थिविसर्जनाला जाताना

ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, घरात शाळकरी मूल आहे आणि अस्थी घेऊन नाशिकला जायचंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. निघण्याआधी मी खूप शोधलं. गाडी कुठे लावायची, साहित्य कुठे मिळतं, खर्च किती येतो, सगळं सापडलं. पण मूल सोबत असेल तर गुरुजी त्याच्याशी कसं बोलतात, याबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. मला तर तेवढंच हवं होतं.

आमचा अनुभव पाचपैकी पाचचा. ज्यांनी आमचा विधी केला त्यांनी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला तिच्या बाबांसाठी करण्यासारखं काम दिलं, आणि तिने विचारलेल्या एकाही प्रश्नावर तिला गप्प केलं नाही. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण ते तुमच्या उपयोगाचं नाही. नाशिकला क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्री आपल्या कुळाचे विधी करणारे गुरुजी, आपण निवडायचे नसतात. आडनाव आणि मूळ गाव यांवरून ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. मूळ गाव म्हणजे आपण राहतो ते नव्हे. आम्ही डोंबिवलीचे, पण तिथे सांगायचं गाव सासरचं, खटाव तालुक्यातलं, जिथे आता आमचं एक पडकं घर आणि एक चिंच एवढंच उरलंय. त्या गावाचं नाव सांगितल्यावर आमचे कोण ते कळलं. आमच्याकडे सासूबाईंच्या जुन्या डायरीत फोन नंबर होता. तुमच्याकडे नसेल तर रामकुंडाजवळ पुरोहित संघाच्या कार्यालयात चौकशी करा. घाटावर पाऊल ठेवताच "आडनाव काय, गाव कुठलं" असं विचारत लोक पुढे येतात. त्यांतले काही खरंच वाट दाखवणारे असतात, सगळे नसतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आमची पार्श्वभूमी थोडक्यात. हे गेले ते मेंदूत रक्तस्राव होऊन, त्रेचाळिसाव्या वर्षी, सकाळी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना. अग्नी दिराने दिला, दहावं-तेरावंही त्यांनीच केलं. लेक त्या दिवसांत शेजारच्या घरी होती. काही अस्थी त्यांनी डोंबिवलीतच ठेवल्या होत्या, स्मशानभूमीच्या कपाटात, लाल कापडात बांधून, कारण सासऱ्यांच्या वेळी नाशिकला गेले होते तसंच मुलाचंही व्हावं अशी सासूबाईंची इच्छा होती. त्यांचे गुडघे प्रवास झेपू देत नाहीत. वार्षिक परीक्षा संपल्यावर जायचं ठरलं.

मधल्या महिन्यांत लेकीचं काय चाललं होतं ते सांगते, कारण अशा घरांत सगळीकडे साधारण हेच होतं असं मला नंतर कळलं. ती सतत रडत नव्हती. पाच मिनिटं हमसून रडायची आणि लगेच खाली खेळायला जायची. नातेवाईक म्हणायचे, बरंय, विसरली. विसरली नव्हती. मुलांचं दुःख असंच येतं-जातं, हे शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला समजावलं. तुकड्यातुकड्यांनी जेवढं पेलवेल तेवढं मूल घेतं. त्यांनीच सांगितलं होतं की "झोपलेत", "लांब गेलेत" असं म्हणू नका, शरीर बंद पडलं आणि ते परत सुरू होत नाही असं सरळ सांगा. दहाव्या वर्षी मुलाला एवढं कळतं. कळत नसेल तर ते आपल्याच मोघम बोलण्यामुळे. सांगायला मला फार जड गेलं. पण सांगितल्यावर तिने विचारलं, "मग राख कुठे आहे?" कपाटात आहे म्हटल्यावर म्हणाली, "कुणाच्या कपाटात? आपल्या का नाही?" आणि नाशिकचं बोलणं निघालं तेव्हा तिने एकच वाक्य धरून ठेवलं: मी येणार.

घरात यावर वाद झाला. मुलीने कशाला, इतक्या लहान मुलीने कशाला, असे दोन वेगवेगळे आक्षेप होते आणि बोलणारे ते एकत्र करत होते. मी क्षेत्रोपाध्यांना फोन लावला. पलीकडे मध्यमवयीन आवाज. मी विचारलं, मुलीने पिंड दिले तर चालतील का? ते म्हणाले, "वहिनी, मुलगा नसेल तर पत्नी आणि कन्या, दोघींची नावं जुन्या ग्रंथांतल्या क्रमातही आहेत. त्यात अडचण नाही. तिची इच्छा आहे का, एवढं विचारा. आणि मधेच नको वाटलं तर उठायची मुभा आहे, हे तिला आधी सांगून ठेवा." त्याच फोनवर साहित्य आणि दक्षिणा मिळून 2,500 रुपये होतील हेही सांगितलं. नंतर त्यात एक रुपयाही वाढला नाही.

कल्याणहून संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली. रात्री नाशिकरोडला उतरून रिक्षाने पंचवटी भागात मुक्कामाला गेलो. दीर ठाण्याहून सकाळी परस्पर येणार होते.

सकाळी साडेसातला दुतोंड्या मारुतीपाशी भेटायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोदापात्रात उभी असलेली ही मारुतीची उंच मूर्ती म्हणजे नाशिककरांचं पूर मोजायचं माप. पाणी कमरेला लागलं, गळ्याला लागलं, यावरून शहर पुराचा अंदाज घेतं. आम्ही लवकर पोचलो होतो, दीर यायचे होते, तेवढ्यात एक माणूस जवळ आला. आडनाव, गाव, कोण गेलं, वय काय. त्रेचाळीस ऐकताच त्याचा चेहरा बदलला. अकाली मृत्यू म्हणजे आत्म्याला गती नाही, मोठी शांत करावी लागेल, नाहीतर जीव भटकत राहतो, असं तो माझ्या लेकीच्या समोर, तिच्याकडे बघत म्हणाला. हजारांचा आकडाही सांगितला. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तिला घेऊन तिथून चालायला लागले. मूल सोबत असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की आपले गुरुजी भेटेपर्यंत घाटावर कुणाशी वय, कारण, काही बोलू नका. फक्त "आमचे ठरलेले आहेत" म्हणा आणि पुढे जा.

आमचे क्षेत्रोपाध्ये आले तेव्हा लेक एकदम गप्प झालेली होती. त्यांनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. ते तिच्यासमोर पायरीवर बसले, म्हणजे उंची सारखी झाली. म्हणाले, "बाळा, तुझे बाबा भटकत नाहीयेत. त्यांचे दहा दिवसांचे, बाराव्या-तेराव्याचे विधी काकांनी केलेत. आज राहिलेल्या अस्थी नदीत सोडायच्या आहेत. एवढंच काम आहे आणि ते तू करणार आहेस." मग विधीत काय-काय होणार ते त्यांनी क्रमाने सांगितलं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. "या कापडात राख आहे आणि हाडांचे छोटे तुकडे आहेत. पांढरे दिसतील. हात लावावासा वाटला नाही तर आई लावेल, त्यात काही चुकत नाही." लेकीने विचारलं, "त्यांना दुखेल का?" ते म्हणाले, "नाही. शरीर थांबलं की दुखणंही थांबतं." असं सोपं, खरं उत्तर आतापर्यंत तिला फार थोड्या मोठ्या माणसांनी दिलं होतं.

विधी तासाभराचा. तिच्या खांद्यावर उपरणं दिलं, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. संकल्पात गोत्र, तिच्या बाबांचं नाव, आणि करणारी म्हणून तिचं स्वतःचं नाव मोठ्याने म्हटलं. भाताचे पिंड तिच्याकडूनच वळून घेतले. पहिला फुटला तेव्हा पाण्याचा हात घेऊन पुन्हा वळायला लावला, स्वतः हात घातला नाही. काळे तीळ, दूध, मध, फुलं. तर्पणाच्या वेळी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी सोडायचं असतं. देवांना बोटांच्या टोकांवरून आणि पितरांना इथून, असं त्यांनी तिला दाखवलं. तिला ते इतकं नेमकं जमलं की दीर मागे बघून डोळे पुसायला लागले. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप म्हणून तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. पणजोबांचं नाव दिरांनाही पटकन आठवेना. गुरुजी म्हणाले, "माझ्याकडे आहे," आणि पाठ असल्यासारखं सांगितलं. लेकीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरातल्या माणसाचं नाव या अनोळखी माणसाला कसं ठाऊक, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

अस्थी तिनेच सोडल्या. पुडकं उलटं करताना थांबली, एक तुकडा तळहातावर घेतला, बघितला आणि मग पाण्यात ठेवला. कुणी घाई केली नाही, जरी मागे दुसरं कुटुंब उभं होतं. रामकुंडात अस्थी विरून जातात अशी श्रद्धा आहे. लेकीने विचारलं, खरंच? गुरुजी म्हणाले, "लोक तसं मानतात. राख पाण्यात मिसळते, तुकडे झिजून गाळात जातात. नदी थांबत नाही, तीही पुढे जाते." कुठे, असं विचारल्यावर त्यांनी सगळी गोदावरी सांगितली. तिकडे त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम, मग हे नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड, पुढे तेलंगणात भद्राचलम, आंध्रात राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. चौदाशे किलोमीटरच्या वर. चौथीच्या भूगोलात तिने नकाशात हीच नदी निळ्या पेन्सिलने गिरवली होती. आता तो नकाशा आमच्या फ्रिजवर आहे आणि अधूनमधून ती विचारते, पैठणच्या धरणात पाणी अडतं, मग पुढे कसं जातं? दरवाजे उघडले की जातं, असं मी सांगते. हा प्रश्न ती कशाबद्दल विचारतेय हे आम्हा दोघींना माहीत असतं.

आता क्षेत्रोपाध्यांकडच्या आमच्या कुळाच्या वहीबद्दल. ज्यांना फक्त विसर्जन करून परत निघायचं असतं ते ही गोष्ट टाळतात. मुलाला घेऊन गेलात तर टाळू नका.

क्षेत्रोपाध्यांचं घर घाटापासून चालत थोड्या अंतरावर, जुन्या वाड्यात. गल्ली अरुंद आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला सापडायची नाही. माजघरात लोखंडी कपाटं आणि त्यांत लाल कापडात बांधलेल्या, लांबट आकाराच्या वह्या. प्रत्येक कुळाची नामावळी. कोण आलं, कधी आलं, कशासाठी आलं, सोबत कोण होतं, वडील-आजोबा कोण, सगळं आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. शोधायची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी आडनाव, मग गाव, मग गावातली शाखा. संगणक नाही. तरी चहा येईपर्यंत आमचं पान उघडलेलं होतं.

सगळ्यात जुनी नोंद मोडी लिपीत, शके 1844, म्हणजे 1922 सालची. खापरपणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. गुरुजींनी ती वाचून दाखवली. मग 1961 ची, देवनागरीत, टाकाच्या जाड शाईत, यांच्या आजोबांची. आणि मग पान उलटलं तर 2009, निळं बॉलपेन, यांचं अक्षर.

मला ते कळायला क्षणभर लागलं, लेकीला नाही. "हे बाबांचं आहे," ती म्हणाली. त्यांचा 'र' खाली लांब ओढलेला असायचा, तसाच. माझे सासरे गेले तेव्हा हे आले होते, त्याची नोंद. आमचं लग्न व्हायचं होतं. पत्ता आमच्याच घराचा, मोबाइल नंबर तोच जो अजून माझ्या फोनमध्ये आहे. लेकीने बोट न टेकवता, कागदाच्या वरून हवेत फिरवत एकेक ओळ वाचली. मग विचारलं, "तेव्हा बाबा रडले होते का?"

गुरुजी म्हणाले, "तेव्हा इथे माझे वडील बसायचे. मी नव्हतो, त्यामुळे मला सांगता येणार नाही." दीर म्हणाले, "मी होतो. रडला. आधी नाही, लिहिताना." त्यांनी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. मलाही नाही.

त्यानंतर तिने जी गोष्ट विचारली तिचं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. तीन नोंदी नीट पाहून ती म्हणाली, "यात मुली का नाहीत?" खरंच नव्हत्या. पुत्र अमुक, पुत्र तमुक, कुठे कुठे पत्नीचं नाव. यांच्या दोन आत्यांचा उल्लेख नाही, आणि त्यांतल्या एका आत्यांनी आजोबांना शेवटपर्यंत सांभाळलेलं. मला हे खटकलं आणि अजून खटकतं. गुरुजींनी सारवासारव केली नाही. म्हणाले, "पूर्वी लिहीत नव्हते. आता तू लिही. तुझ्या आत्याआजींचीही लिही, काकांना विचारून." आणि पेन तिच्या हातात दिलं.

लिहायला तिला बराच वेळ लागला. तारीख, बाबांचं पूर्ण नाव, गाव, वारलेली तिथी. सोबत आई, काका. खाली दोन्ही आत्याआज्या, मग 'कन्या' म्हणून स्वतःचं नाव आणि सही. सही तिने तिथेच पहिल्यांदा केली, आधी हातावर दोनदा गिरवून बघून. 'वारले' लिहिताना काना चुकला, खोडलं, पान खराब केलं म्हणून ओठ थरथरायला लागले. गुरुजींनी 1961 च्या नोंदीतली खाडाखोड दाखवली. तिथे आजोबांनीही एक शब्द खोडला होता.

उणं सांगायचं तर सांगते. वाड्यात आमच्याआधी दोन कुटुंबं होती, तासाभराहून जास्त वाट बघावी लागली. मूल कंटाळतं, खाऊ आणि पाणी जवळ ठेवा. बसायला जमीनच आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी सांगून ठेवावं. घाटावर बायकांना ओले कपडे बदलायला नीट जागा नाही, मोठी ओढणी किंवा जुनं लुगडं सोबत असू द्या. पाणी आम्ही गेलो तेव्हा हिरवट होतं आणि कडेला निर्माल्य साचलेलं. लेकीला ते फार लागलं, "बाबांना इथे सोडायचं?" असं तिने विचारलं होतं. गुरुजींनी आम्हाला थोडं वरच्या बाजूला, वाहत्या धारेजवळ नेलं, पण ते प्रत्येकाला जमेलच असं नाही. प्लास्टिकची पिशवी, फोटो, कपडे पाण्यात टाकू नका, गुरुजीही टाकू देत नाहीत. वहीच्या पानाचा फोटो काढायचा तर विचारून, आणि फक्त स्वतःच्या कुळाच्या पानाचा. ही अट मला योग्य वाटते.

परतीच्या गाडीत इगतपुरीच्या आसपास तिने तो प्रश्न विचारला ज्याची मी कितीतरी रात्री वाट बघत होते. "तुला काही झालं तर माझं कोण?" आधी अशा वेळी माझ्या तोंडून "मला काही होणार नाही" निघायचं आणि तिचा विश्वास बसायचा नाही, कारण बाबांबद्दलही कुणाला तसं वाटलं नव्हतं. या वेळी मी नावं सांगितली. पहिली मावशी, मग काका-काकू, आजी आहेच. शाळा तीच राहील. पैशांचे कागद कुठे आहेत ते मावशीला माहीत आहे. तिने ती नावं स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर क्रमाने लिहून घेतली, वाडग्यातल्या भेळेचा हात पुसून, आणि कसारा घाट येईपर्यंत झोपली.

सगळं बरं झालं असा दावा मी करत नाही. पालक सभेला एकटी मी गेले तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. पण "बाबा कुठे आहेत" हे तिने त्यानंतर घाबरून विचारलेलं नाही. शाळेत कुणी विचारलं तर सांगते, माझ्या बाबांच्या अस्थी मी सोडल्या, नाशिकला आमच्या वहीत लिहिलंय.

जाणाऱ्यांसाठी काही शेवटच्या गोष्टी. निघण्याआधी मूळ गाव, तालुका, गोत्र आणि आठवतील तेवढ्या पिढ्यांची नावं कागदावर लिहून घ्या, घरातल्या लेकी-सुनांची आणि आत्यांचीही. क्षेत्रोपाध्यांना फोनवरच सांगा की मूल विधी करणार आहे, म्हणजे ते वेळ हातात ठेवतात. विसर्जन सकाळी लवकर करा आणि वहीसाठी दुपारी चारनंतरची वेळ मागा, तेव्हा वाड्यात गर्दी कमी असते. आम्ही सकाळीच गेलो म्हणून थांबावं लागलं. 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय, त्या काळात घाटावर मुलाचा हात धरून उभं राहणंही कठीण होईल, तेव्हा शक्य असेल त्यांनी त्याआधीच जाऊन यावं.